वर्धेच्या पाण्यावरून

पुलगावाजवळ वर्धा नदी ओलांडणारा रेल्वेचा पूल आजवर मी गाडीच्या खिडकीतूनच पाहिला होता. गेल्या कार्तिकात मात्र त्या पुलाखाली उतरून पात्रात बरेच आतवर चालत जाण्याचा योग आला, आणि जिची माहिती मी कित्येक महिने जुन्या दफ्तरांतून व गॅझेटियरांतून वेचीत होतो, त्या नदीचे प्रत्यक्ष रूप त्या दिवशी डोळ्यांपुढे उभे राहिले. वरून एकामागून एक मालगाड्या जात होत्या. खाली काळ्या कातळाच्या उघड्या पाठी उन्हात तापल्या होत्या. दोन कातळांच्या मधून स्वच्छ, वाहते, पण गुडघ्याच्या वर न येणारे पाणी चालले होते. आणि जरा खालच्या अंगाला एक संथ डोह असा भरलेला होता की त्यात हाताचा बांबू पुरता बुडवूनही तळ लागला नाही. डोह आणि खडक, खडक आणि डोह, अशीच ही नदी पुढे शेकडो मैल वाहते, आणि तिच्याविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे मनसुबे रचले गेले त्यांचे सारे भवितव्य या दोन गोष्टींच्या अनुक्रमातच साठविलेले आहे.

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या चार नद्यांच्या पाण्यावरून मध्य हिंदुस्थानातला कापूस बंगालच्या उपसागरापर्यंत न्यावा, ही तजवीज सरकारी हुकुमाने, सरकारी खजिन्यातून आणि सरकारी इंजिनीयरांच्या देखरेखीखाली 1861 पासून दहा वर्षे प्रत्यक्ष अंमलात होती. वर्धा चपराळ्याच्या परिसरात वैनगंगेस मिळते. तेथून पुढे त्या दोघींना प्राणहिता म्हणतात. सुमारे 113 किलोमीटर वाहून ती सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. आणि गोदावरी राजमहेंद्रीखालच्या त्रिभुज प्रदेशातून समुद्रास जाते. नकाशावर ही जलरेषा वर्धा जिल्ह्यास पूर्वसमुद्राशी इतक्या सहजपणे जोडते की, ज्याने ती प्रथम बोटाने गिरवून पाहिली असेल, त्यास आपण एक आयता राजमार्गच शोधून काढला असे वाटले असल्यास नवल नाही.

मुलताईच्या सातपुड्यात उगम पावून 528 किलोमीटर वाहणारी ही नदी वाहतुकीचा मार्ग म्हणून फारशी कोणी वापरली नसली, तरी सीमा म्हणून तिचा उपयोग अत्यंत प्राचीन आहे. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात विदर्भाचे राज्य दोघा चुलतभावांत वाटून देताना वरदा नदी हीच मधली हद्द ठरविली आहे. 1803 मध्ये देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलुख सोडावा लागला तेव्हाही हीच रेघ ओढली गेली. आणि आज वर्धा जिल्हा एका तीरावर व अमरावती-यवतमाळ दुसऱ्या तीरावर आहेत, हा त्याच परंपरेचा पुढचा अध्याय होय. आर्वी तालुक्यातील देऊरवाड्याच्या काठी उभे राहून मी पलीकडे रुक्मिणीच्या माहेराचे, कौंडण्यपुराचे, शिखर पाहिले, तेव्हा मनात आले की दोन तीरांमधल्या व्यवहाराची या नदीला युगानुयुगांची सवय आहे. तिच्या लांबीने जावे, असे मात्र तिच्या काठच्या माणसाला फारसे वाटलेले दिसत नाही. तिच्यावरच्या घाटांची, उतारांची आणि नाक्यांची नावे आढळतात. बंदराचे नाव आढळत नाही.

तरीही जलमार्गाची ओढ या मुलुखास नव्हती असे म्हणता येणार नाही, कारण रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा आणि नागपूरचा कापूस ज्या वाटेने जात असे ती वाट शेवटी एका नदीलाच मिळत होती. बंजाऱ्यांचे तांडे पोत्यांनी लादलेले बैल हाकीत उत्तरेकडे निघत, आणि सातपुडा, नर्मदा व विंध्य ओलांडून, सुमारे 500 मैलांची मजल मारून, गंगेकाठच्या मिर्झापुरास पोहोचत. तेथे कापूस नावांत चढे आणि कलकत्त्यास जाई. वाटेवरची धूळ, अवकाळी पाऊस, मुक्कामामुक्कामावरची जकात आणि बैलाची मर्यादित ताकद, या साऱ्यांचा भार त्या कापसाच्या किमतीवर चढत असे. पाणी लागेपर्यंतचा प्रवासच त्याला सर्वांत महाग पडे. मिर्झापूरसारखे एखादे पाणी जर वर्ध्याच्या दारातच असते, तर या प्रांताचा इतिहास निराळा झाला असता, हा विचार तत्कालीन राज्यकर्त्यांच्या मनात अशा रीतीने उद्भवला.

त्या विचारास आकार दिला तो सर आर्थर कॉटन या मद्रास इलाख्यातील इंजिनीयराने. धवळेश्वरमचा गोदावरीवरील बंधारा 1852 मध्ये पुरा करून ज्याने एका दुष्काळग्रस्त प्रदेशाचे भाताच्या कोठारात रूपांतर केले, त्या माणसाचा पाण्यावरील विश्वास केवळ सैद्धांतिक नव्हता. कालवा हा शेतासाठी काढावा आणि त्याच कालव्यातून नावाही चालाव्यात, असे त्याचे सूत्र होते. आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात ते त्याने सिद्ध करून दाखविले होते. हिंदुस्थानास रेल्वेपेक्षा जलमार्गांची अधिक आवश्यकता आहे, हे मत तो 1878 मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढेही आग्रहाने मांडीत होता. त्याच्याच प्रेरणेने एफ. टी. हेग या तरुण अधिकाऱ्याने गोदावरीच्या वरच्या अंगाची पाहणी केली, आणि तीन ठिकाणी नदी अडते असा निष्कर्ष काढला: भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, इंद्रावतीच्या संगमाच्या आसपास इंचमपल्ली येथे, आणि प्राणहितेवर देवलमरी येथे. या तीन खडकाळ अडथळ्यांवर बंधारे बांधून बाजूने कालवे व जलकपाटे केली, म्हणजे पात्रातला मार्ग खुला होईल, अशी ही योजना होती.

योजनेस बळ मिळाले ते दूरच्या एका युद्धामुळे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडची बंदरे अडली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांचे डोळे एकाएकी वर्धा-वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावले. त्याच वर्षी मध्यप्रांत निर्माण झाला. पुढल्याच वर्षी वर्धा हा वेगळा जिल्हा झाला, आणि त्याचे ठाणे प्रथम पुलगावाजवळच्या कवठ्यास होते ते 1866 मध्ये पालकवाडीच्या जागी वसविलेल्या आजच्या वर्धा शहरात आले. प्रांताचा मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल हा गोदावरीच्या जलमार्गाचा कट्टा पुरस्कर्ता होता. सिरोंच्यास अपर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे बसले, आणि ज्या अरण्यात तोपर्यंत सागाच्या ओंडक्यांखेरीज दुसरा माल पाण्यावर उतरत नव्हता, तेथे मजुरांचे तळ पडले. सागाचे ओंडके पावसाळ्याच्या पाण्यावर सोडून राजमहेंद्रीपर्यंत नेण्याचा व्यवहार मात्र याहून जुना. या साऱ्या जलप्रवाहावरचा खराखुरा, स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला माल वाहतुकीचा धंदा म्हणजे तोच.

या प्रवासात हिंगणघाटास मी बराच काळ रमलो, कारण हा सारा खटाटोप ज्याच्यासाठी मांडला गेला तो कापूस या गावाच्या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात विकला जात असे. वेणा नदीच्या काठचे हे गाव आजही मार्गशीर्षात कापसाने पांढरे होते. बाजार समितीच्या आवारात बैलगाड्या कमी झाल्या असल्या तरी ट्रॅक्टर आणि टेंपो यांच्या रांगा रस्त्यावर येतात, लिलाव पुकारणारा ढिगाढिगांतून मूठभर बोंडे उचलून धागा ओढून पाहतो, आणि हमालांच्या खांद्यांवर, केसांत, भुवयांत रुईचे तंतू चिकटलेले असतात. मध्यप्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त म्हणून काम केलेल्या रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने या बाजाराची विशेष काळजी वाहिली. पुढे 1881 च्या सुमारास बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी येथे उभी राहिली, आणि कापूस समुद्रापार पाठविण्याऐवजी येथेच त्याचे काही अंशी सूत होऊ लागले.

बाजाराच्या आवारातील एका वृद्ध अडत्यांकडे मी दुपारभर बसलो होतो. तिसऱ्या पिढीचे अडते. कानावर पेन्सिल, समोर चोपडी आणि हातात चहाचा ग्लास. नदीने कापूस नेण्याची ती जुनी गोष्ट मी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी ती पुरती ऐकून घेतली आणि एकच प्रश्न केला.

"साहेब, कापूस घरात येते दिवाळीच्या नंतर. तवा नदीत पाणी कुठी राह्यते?"

"आणि पाणी असते तेव्हा?"

"तवा तर आमच्या गोदामात सरकी बी नसते जी. आषाढात कोन कापूस विकते? पैसा अडकून ठेवनारा मानूस इथं कवाच नव्हता."

मी जे जाडजूड अहवाल वाचले होते, त्यांतल्या एकाही पानाने मला इतक्या थोडक्या शब्दांत मर्म सांगितले नव्हते. वर्धा नदीच्या आणि कापसाच्या पंचांगांचा मेळच बसत नाही. नदी आषाढात फुगते, भाद्रपदात दुथडी भरून वाहते, आश्विनात उतरू लागते आणि कार्तिक संपता संपता खडक वर काढते. कापूस कार्तिकात वेचणीस लागतो, मार्गशीर्ष-पौषात बाजारात येतो, माघ-फाल्गुनापर्यंत त्याच्या गाठी बांधल्या जातात. म्हणजे नावा चालण्याजोगे पाणी असेल तेव्हा माल नाही, आणि माल असेल तेव्हा पाणी नाही. कापूस पुढच्या पावसाळ्यापर्यंत साठवून ठेवावा तर त्याला गोदामे हवीत, दमट हवेपासून बचाव हवा, आणि सहा-सात महिने पैसा अडकवून बसणारा सावकार हवा; इतके करून नावेचे जे भाडे वाचेल ते व्याजात जाईल. तीन बंधाऱ्यांनी खडकाचा प्रश्न कदाचित सुटला असता; ऋतूंचा प्रश्न सोडवावयास बंधारे पुरेसे नव्हते, त्यासाठी सबंध खोऱ्यात पाणी अडवून ते उन्हाळाभर सोडीत राहणारे मोठे जलाशय लागले असते.

दरम्यान मुंबईहून निघालेले रूळ 1867 मध्ये पुलगाव आणि वर्ध्यावरून नागपुरास पोहोचले. ज्या पुलाखाली मी उभा राहिलो होतो तो त्याच मार्गाचा वारस आहे. रेल्वेला ऋतू नव्हता. ती वैशाखात आणि श्रावणात सारख्याच भाड्याने माल नेई. त्यानंतरच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा गेला आणि वरोऱ्याचा कोळसा त्यावरून येऊ लागला, तेव्हा जलमार्गाच्या बाजूने बोलणारे जवळपास कोणी उरलेच नाही. सरकारने तर त्याआधीच, 1871 मध्ये, गोदावरीच्या वरच्या अंगाची कामे सोडून दिली होती. दुम्मागुडेमचा बंधारा आणि तेथील कालवा यांचे अवशेष तेवढे मागे राहिले. यात कॉटनची दृष्टी अपुरी होती असे मला वाटत नाही. गोदावरीच्या मुखाशी त्याने जे पाणी पाहिले ते बारमाही कालव्यांचे पाणी होते, आणि त्याच्या सूत्रात शेत आधी, नाव नंतर, असा क्रम होता. हा क्रम वर आणताना उलटा केला गेला. वर्ध्याच्या शेतास एक थेंबही न देता वर्ध्याचा कापूस मात्र न्यावयाचा, अशी ती योजना झाली; म्हणूनच, ती पार पडली असती तरी या जिल्ह्याच्या कुणब्यास तिच्यात आपले असे काही सापडले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिंगणघाटाहून वर्ध्यास परत आलो तो मगनवाडी पाहण्यासाठी. 1934 च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे हे ठिकाण. जो. कॉ. कुमारप्पा यांनी येथे बसून, एखादी वस्तू स्वस्त आहे असे म्हणण्यापूर्वी तिची किंमत नेमकी कोणी भरली याची चौकशी करावयाची शिस्त एका पिढीला लावली. जलवाहतुकीच्या गोष्टीत ही शिस्त फार उपयोगाची आहे. सरकारी कागदपत्रांत पुन्हा पुन्हा दिलेला हिशेब असा की, एक लिटर इंधनात रस्त्याने 24 टन, रेल्वेने 85 टन आणि जलमार्गाने 105 टन माल एक किलोमीटर नेता येतो. एका अश्वशक्तीला रस्त्यावर 150 किलो, रुळावर 500 किलो, तर पाण्यावर 4,000 किलो वजन हलविता येते. मंद गतीने तरंगत्या वस्तूला पाण्याचा विरोध अत्यल्प होतो, हे त्याचे कारण. परंतु हे आकडे जवळ जवळ ठेवून वाचले की दिसते, मालमोटारीच्या तुलनेत नाव चौपटीहून अधिक काटकसरी असली तरी रेल्वेच्या तुलनेत इंधनातली बचत जेमतेम पाचव्या हिश्शाची आहे. आणि ही पाचव्या हिश्शाची बचत पात्र खोदणे, खडक फोडणे, धक्के बांधणे व दोन्ही टोकांस माल उतरवून पुन्हा चढविणे यांत सहज नाहीशी होते. वर्धा जिल्ह्यातून मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन महामार्ग रुळांच्या रूपाने जातात. येथे जलमार्गाची स्पर्धा बैलगाडीशी नाही, हे सर्वप्रथम मान्य केले पाहिजे. कापसाच्या 170 किलोच्या शंभर गाठी म्हणजे 17 टन माल; तो एका मालमोटारीत मावतो आणि जिनिंगच्या दारातून थेट सूतगिरणीच्या दारात जातो. पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची गाडी, जी मुळात आर्वीच्या कापसासाठीच घातली गेली, तीसुद्धा या दारापासून दारापर्यंतच्या सोयीपुढे टिकली नाही.

वर्ध्याहून मी नदीच्या काठाकाठाने दक्षिणेस निघालो. हिवऱ्याच्या पुढे, एका रेतीघाटापाशी, जाळे विणीत बसलेल्या एका ढिवर गृहस्थांनी मला आपल्या डोंग्यातून डोहाच्या पलीकडे नेले. वल्हे मारता मारता त्यांनी पाण्याखालचा प्रत्येक धोंडा नावानिशी सांगितला. काही धोंड्यांना त्यांच्या आजोबांनी दिलेली नावे होती. "इथं बारा हात पानी हाये दादा, अन् त्या झाडापाशी म्हैस बी भिजत नाही," असे ते म्हणाले. नदीच्या पृष्ठाखालचा असा नकाशा कोणत्याही कचेरीत नसेल. पैलतीरी रेतीने भरलेले टिप्पर उभे होते. आज या नदीतून बाहेर जाणारा सर्वांत अवजड माल म्हणजे तिचीच रेती; आणि जी रेती पावसाळ्यानंतरही पाणी धरून ठेवते आणि डोहांना हळूहळू पाझर देते, ती गेल्याने नदी कार्तिकातच उघडी पडू लागली आहे, हे त्या गृहस्थांना कोणत्याही तज्ज्ञाइतकेच ठाऊक होते.

वरोरा, घुग्घुस आणि बल्लारपूर या पट्ट्यातून मी लवकर पुढे गेलो. मात्र जाता जाता एक गोष्ट लक्षात आली, ती नोंदविणे अवश्य आहे. वेणेचा संगम मागे पडून नदी चंद्रपूर जिल्ह्यात शिरली की काठावरचा माल बदलतो. कापूस मागे राहतो आणि कोळसा, चुनखडी व सिमेंट हे पदार्थ पुढे येतात. वढा-जुगाद येथे पैनगंगा मिळाल्यावर पाण्याचे आकारमानही वाढते. हे पदार्थ जड आहेत, स्वस्त आहेत, ओले झाल्याने वा दोन दिवस उशीर झाल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही असे निदान काही आहेत, आणि वर्षभर निघतात. जलमार्गाला जो माल लागतो तो हा. संथ, सोशिक आणि विपुल.

ही गोष्ट मला पुरती पटली ती अहेरीच्या रस्त्यावर. सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज घेऊन येणाऱ्या मालमोटारींची माळ आलापल्लीपासून आष्टीच्या दिशेने लागलेली असते. रस्त्याच्या दुतर्फा झाडांची पाने लाल धुळीने माखलेली, गावकरी दुचाकी कडेला घेऊन माळ संपण्याची वाट पाहत उभे, आणि या सर्वांपासून फार दूर नाही अशी प्राणहिता आपल्या विस्तीर्ण पात्रातून रिकामी वाहत असते. गोमंतकात मांडवी आणि जुवारीच्या काठी मी हेच खनिज बार्जमध्ये ओतले जाताना पाहिलेले आहे. खाणीपासून धक्क्यापर्यंत काही मैल मोटारीने आणि मग मुरगावपर्यंत पाण्याने, असा तो व्यवहार. तेथे समुद्राची भरती रोज दोनदा येऊन नदीला खोली देते, आणि ती फुकट देते. कोकणातल्या खाड्यांतून पूर्वी मचवे आणि गलबते आतवर जात तीही याच भरतीच्या जोरावर. सह्याद्रीच्या पूर्वेस भरती नाही. येथे जी काही खोली मिळवावयाची ती मनुष्याने बांध घालून, कोणाचे तरी शेत बुडवून, कोणाचे तरी पाणी अडवूनच मिळवावी लागते.

देवलमरीचा खडक पाहिला तेव्हा या वाक्याचा अर्थ अधिक तीव्रतेने जाणवला. प्राणहिता येथे फुटून अनेक प्रवाहांनी, शिळांच्या मधून, गर्जत उतरते. एखाद्या शिळेवर उभे राहिले तर दोन्ही अंगांस पाणी असते आणि कोणत्याही एका ओघळीतून डोंगासुद्धा धड जाईल असे वाटत नाही. हेगने आपला तिसरा अडथळा म्हणून हेच स्थान नोंदविले. सिरोंच्याच्या खाली गोदावरीवर मेडीगड्डाचा प्रचंड बंधारा 2019 मध्ये तेलंगणाने पुरा केला. त्याच्या फुगवट्याचे पाणी सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत शिरल्याने तेथील शेतकऱ्यांना जे सोसावे लागले ते मी त्यांच्या तोंडून ऐकले, आणि 2023 च्या ऑक्टोबरात त्याच बंधाऱ्याचे काही खांब खचले हे तर सर्वश्रुत आहे. जलमार्गासाठी पाणी अडविण्याची गोष्ट ज्यांना सोपी वाटते, त्यांनी या काठच्या एखाद्या गावात मुक्काम करावा.

तरीही मी या विषयाकडे निराशेने पाहत नाही. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील 111 जलमार्ग घोषित केले, आणि त्या यादीत पैनगंगा-वर्धा तसेच वैनगंगा-प्राणहिता या दोन्ही नदीप्रणाली आहेत. गंगेवर हल्दियापासून प्रयागपर्यंतच्या 1,620 किलोमीटरच्या जलमार्गावर मालाची ये-जा वाढत आहे, 2018 मध्ये वाराणसीच्या धक्क्यास कंटेनर घेऊन आलेली नौका लागली, आणि वऱ्हाडचा कापूस एकेकाळी जेथे नावांत चढे ते मिर्झापूर त्याच मार्गावर आहे. गंगेला हिम आहे. वर्धेला फक्त पाऊस आहे. त्यामुळे गंगेचा आराखडा येथे जसाच्या तसा उतरविण्यात अर्थ नाही. येथे विचार व्हावयास हवा तो तुकड्यातुकड्यांचा: जेथे बंधाऱ्यामुळे किंवा डोहामुळे दीड-दोन मीटर पाणी वर्षातले आठ महिने खात्रीने राहते, जेथे काठावरच जड माल निघतो, आणि जेथे तो माल 40-50 किलोमीटरवर रुळांच्या हवाली करता येतो, असा एखादा टप्पा वर्धा-प्राणहितेच्या खालच्या अंगास सापडू शकेल, सापडल्यास तो प्रथम चालवून पाहावा. वर्धा जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर, या जिल्ह्याला समुद्राकडे नेणारा मार्ग रुळांचाच राहणार, आणि सिंदी येथे उभारले जाणारे कोरडे बंदर त्याच न्यायाने योग्य जागी आहे. जिल्ह्याच्या नद्यांनी, म्हणजे वर्धा, वेणा, धाम, बोर आणि यशोदा यांनी, अप्पर वर्धा, निम्न वर्धा आणि बोर या धरणांतून आधी कापसाच्या शेतास पाणी द्यावे; कॉटनने धवळेश्वरमला पाळलेला क्रम येथेही पाळला जावा, ही माझी मागणी आहे.

आणि याचा निर्णय वाद घालून होण्याजोगा नाही, तो मोजून होण्याजोगा आहे. केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे वर्धेवर हिवरा, घुग्घुस आणि बामणी येथे, वेणेवर नांदगाव येथे आणि प्राणहितेवर टेकरा येथे आहेत. पाण्याच्या पातळीच्या नोंदी तेथे वर्षानुवर्षे घेतल्या जात आहेत. त्या नोंदींतून मार्गशीर्ष ते ज्येष्ठ या महिन्यांच्या पातळ्या वेगळ्या काढाव्यात, त्यांच्या शेजारी सिंचनासाठी द्यावयाचे पाणी मांडावे, उरलेल्या पाण्यात किती खोली शिल्लक राहते ते पाहावे, आणि हिवऱ्याच्या त्या ढिवर गृहस्थांसारख्या माणसांना सोबत घेऊन, धोंड्याधोंड्याने, पात्राची पाहणी करावी. कायद्याच्या परिशिष्टात नाव घालण्यापूर्वी व्हावयाचे हे काम अजून व्हावयाचे असेल, तर येत्या हिवाळ्यात हिवऱ्यापासूनच त्याचा आरंभ करता येईल.